सायकलच्या मानेतला आवाज

नीवेस बेर्गाल्लो सायकलींना नावं ठेवायची आणि त्यावरच तिचं नाव झालं होतं. मिलानच्या एका मासिकासाठी ती नऊ वर्षं डोंगरी सायकली तपासत होती. कंपनी सायकल पाठवायची, नीवेस ती तीन आठवडे पिदडायची आणि मग चार पानांत सांगून टाकायची, घ्यावी की घेऊ नये. मेलोन्योच्या खिंडीपर्यंतची तीच चढण, उतरायच्या त्याच तीन वाटा, टायरमध्ये तेवढीच हवा आणि पाठीवर तेवढंच पाणी. यात तिने कधी बदल केला नाही. एका भारी नामांकित सायकलीबद्दल तिने शेवटी एकच वाक्य लिहिलं होतं: "भिंतीवर टांगली तर छान दिसेल." त्या कंपनीने पुढची दोन वर्षं मासिकाकडे काहीच पाठवलं नाही. मग तिसऱ्या वर्षी मुकाट्याने नवी सायकल पाठवली आणि सोबत चिठ्ठी होती की कृपया नीवेसबाईंनीच बघावी.

फिनालेच्या जुन्या गावठाणाच्या, बोर्गोच्या, वेशीबाहेर, पूर्वी जिथे तेलाचा घाणा होता त्या खोलीत तिचं दुरुस्तीचं दुकान. वय पंचेचाळीस, बुटकी, केस बारीक कापलेले आणि कानशिलांवर पांढरे. डावं मनगट अर्धंच वळायचं, म्हणून ती चाक डाव्या कोपराखाली दाबून धरायची आणि उजव्या हाताने तारा कसायची. बघणाऱ्याला ते अवघडल्यासारखं वाटे, पण तिचा वेग इतरांच्या दुप्पट होता. बोलणं बेतासबात. घरी ती एकटी, आणि सख्खं म्हणावं असं माणूस एकच, वडिलांचा भाऊ बाचिच्चाकाका. काका चौऱ्याहत्तरचा. एक पांढरी व्हॅन आणि तिच्यामागे सायकली लादायची ट्रॉली, एवढ्यावर तो सायकलवाल्यांना डोंगरावर पोचवायचा. सकाळी पहिली फेरी मारून आला की हरभऱ्याच्या पिठाची गरम फारिनाता कागदात गुंडाळून नीवेसच्या दुकानात आणायचा, आणि ती खाईपर्यंत समोर उभा राहायचा. पोरगी जेवणाकडे दुर्लक्ष करते, ही त्याची तीस वर्षांची तक्रार.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रेंटोहून एक खोका आला. विजेवर चालणारी डोंगरी सायकल, नाव सोफ्योने. सोफ्योने म्हणजे वाऱ्यावर तरंगत जाणारी ती कापसासारखी म्हातारी. नाव वाचून काका म्हणाला, "म्हातारीवर म्हातारी बसणार म्हणजे." नीवेस हसली नाही. ती खोक्याच्या कोपऱ्यातली छोटी अक्षरं वाचत होती. रचनाकार, तार्चिसिओ दालवित.

काकाने वाकून वाचलं आणि फारिनाताचा कागद टेबलावर ठेवून दिला. मग म्हणाला, "परत पाठव."

"नाही," नीवेस म्हणाली. "आता तर मीच बघणार."

चौदा वर्षांपूर्वी ती याच माणसाच्या सायकलीवर उताराच्या शर्यती खेळायची. दालवितचा कारखाना तेव्हा लहान होता. तो नळ्या कापायचा, जोडायचा, आणि नीवेस त्या चौकटी दगडांवर आपटून सांगायची, कुठे जास्त ताठ आहे, कुठे लवते. तो लोकांना सांगायचा की हिचे कान माझ्या यंत्रांपेक्षा तेज आहेत. मग एक नवी चौकट आली, आधीच्यापेक्षा पाऊण किलोने हलकी. उतारावर जोरात ब्रेक दाबला की तिच्या मानेतून, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमागे जिथे वरची आणि खालची नळी येऊन मिळते त्या सांध्यातून, टक्क असा बारीक आवाज यायचा. नीवेसने दालवितला पत्र लिहिलं. मग दुसरं, मग तिसरं. कंपनीच्याच मेलवरून लिहिली होती सगळी. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं: "आवाज केबलचा आहे. तू नेहमीच जरा जास्त ऐकतेस."

जूनच्या शर्यतीत, खडकांच्या पट्ट्यात, ती मान तुटली. पुढचं चाक फोर्कसकट वेगळं झालं आणि नीवेस दगडांवर फेकली गेली. मनगटाचे पाच तुकडे, कमरेचं हाड दोन जागी मोडलेलं. ती प्लास्टरमध्ये असताना शर्यतीच्या समितीने चौकशी केली. दालवित टाय लावून, आराखडे घेऊन गेला. त्याने लेखी दिलं की आठवडाभर आधी सरावात ही बाई त्याच सायकलीवरून जबर पडली होती, तिने ते लपवलं आणि चौकटीला पडलेला पोचा स्वतःच ठोकून काढला. नीवेसने पत्रांचा विषय काढला तेव्हा कंपनीतलं तिचं मेलचं खातं बंद झालेलं होतं. तिच्याजवळ प्रत नव्हती. समितीने निकाल दिला: चालकाची चूक.

शर्यती गेल्या, मनगट गेलं, हे सगळं ती गिळू शकली असती. एक गोष्ट मात्र घशातून खाली उतरली नाही. तिचा बाप दगडाच्या खाणीत आयुष्य काढलेला माणूस, फार बोलायचा नाही. दवाखान्यातून घरी आणल्यावर एका दुपारी तो तिच्या पलंगाशी बसला आणि हळूच म्हणाला, "पोरी, खरंच लपवलं होतंस का?" तिने नाही म्हटलं. त्याने मान डोलावली आणि परत कधी विषय काढला नाही. पुढच्या हिवाळ्यात तो गेला. त्याने विश्वास ठेवला की नाही, हे तिला कळलं नाही. पण विचारलं होतं, एवढं खरं. त्या एका प्रश्नासाठी तिला दालवितचा हिशेब चुकता करायचा होता.

मासिकाची संपादक एर्सिलिया, तिला कोणीतरी ही जुनी गोष्ट सांगितली आणि तिचा लगेच फोन आला. माहीत असतं तर पाठवलीच नसती म्हणाली, दुसऱ्या कोणाला देते म्हणाली. नीवेसने सांगितलं की गरज नाही. "सचोटीने करशील ना?" एर्सिलियाने विचारलं. नीवेस हो म्हणाली, आणि ते खोटं होतं. लेखाचं शेवटचं वाक्य तिने खोका उघडायच्या आधीच मनात लिहून ठेवलं होतं. त्या वाक्यानंतर सोफ्योने कोणी फुकटसुद्धा घेतली नसती.

पंचाईत अशी झाली की सायकल चांगली निघाली.

जाहिरातीत वजन अठरा किलो नऊशे लिहिलं होतं. कंपन्या याबाबतीत हमखास थाप मारतात, म्हणून नीवेसने मोठ्या आशेने ताणकाटा लावला. अठरा किलो नऊशे साठ. साठ ग्रॅमवरून भांडता येत नाही. पुढचं-मागचं चाक धक्का बसला की एकशे सत्तर मिलिमीटर दबणारं, आणि तरी एवढी हलकी, तीही कार्बन न वापरता, निव्वळ ॲल्युमिनियमच्या नळ्यांची. अशा दांडग्या सायकली एरवी बावीस-तेवीस किलोच्या असतात. त्यांची मोटर माणसाला दोरीने बांधल्यासारखी वर ओढून नेते. सोफ्योनेची मोटर लहान होती. पाय मारावेच लागत. फक्त कोणीतरी पाठीला हात लावून चालतंय असं वाटे. मेलोन्योची चढण नीवेस पहिल्या दिवशी चढली तेव्हा वर पोचल्यावर लक्षात आलं की कमरेचं दुखणं आज आठवलंच नाही. पंचविशीत ती अशी चढायची.

उतरताना आणखीच वाईट झालं. कोळसेवाल्यांची वाट वरच्या बाजूला उघड्या, दगडाळ उतारावरून जाते, समोर थेट समुद्र दिसतो, आणि तीन वळणांनंतर पुरुषभर उंचीची खडकाची पायरी लागते. जड सायकली तिथे धप्पकन आदळतात आणि हात झिणझिणतात. सोफ्योने मांजरासारखी उतरली. नीवेस पुढच्या वळणावर चक्क हसली, मोठ्याने, एकटीच. मग आपण कोणाच्या सायकलीवर हसतोय हे आठवलं आणि तिने तोंडातल्या तोंडात अशी शिवी दिली की खाली उभा असलेला काका म्हणाला, "काय गं, पडलीस?"

"नाही."

"मग चांगली दिसतेय सायकल."

तिने सायकल ट्रॉलीवर चढवली.

पुढचे दहा दिवस ती खोड शोधत फिरली. बॅटरी लहान, तर तिने लागोपाठ तीन चढण्या करून ती रिकामी केली; पण कंपनीने तसं स्वच्छ लिहूनच ठेवलं होतं. उतारावर मोटरच्या आत काही खुळखुळतंय का म्हणून कान लावला. कितीतरी महागड्या मोटरी डब्यातल्या खिळ्यांसारख्या वाजतात, ही गप्प होती. बसायच्या दांड्याचा बोल्ट काढायला वाकडा पाना लागतो, हे तिने वहीत दोन ओळी खर्चून लिहिलं आणि रात्री वाचल्यावर तिलाच त्याची शरम वाटली. नऊ वर्षांत तिने खोटं काही लिहिलं नव्हतं. आता लिहायची वेळ आली होती आणि पेन हातात असताना बोटं चालत नव्हती, म्हणून दालवितवरचा राग दुप्पट झाला. या माणसाने मला एवढंही सुखाने करू दिलं नाही, असं तिला वाटलं.

बाराव्या दिवशी, पायरीच्या अलीकडे, तिने दोन्ही ब्रेक दाबले आणि ऐकू आलं: टक्क.

ती थांबली. मागे चढली, परत उतरली. परत टक्क. ती सायकलवरून उतरली. सायकल तिने हाताने ढकलत, पावलापावलाने खाली आणली. काकाला सांगितलं की चाक पंक्चर आहे.

दुकानात तिने एकेक शक्यता बाद केली. पेडल काढून वंगण लावून परत बसवलं. बसायचा दांडा उपसून ठेवला. गिअरची केबल तर मुळापासून ओढूनच काढली, मुद्दाम. हँडल धरून, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवली. टक्क. मग तिने मानेवरचा रंग अंगठ्याच्या नखाएवढा खरवडला, तिथे लाल शाई फवारली, वीस मिनिटं थांबली, फडक्याने कोरडी पुसली आणि वरून पांढरी भुकटी मारली. धातूला तडा असेल तर आत मुरलेली शाई पांढऱ्यावर उमटते. एक मिनिटभर काही झालं नाही. मग हळूहळू एक रेष वर आली, तांदळाच्या दाण्याएवढी लांब, केसाएवढी बारीक, लालभडक.

नीवेसला आनंद झाला. भीती वाटली असं ती नंतरही कधी म्हणाली नाही. स्टुलावर बसून ती त्या रेषेकडे बघत राहिली. चौदा वर्षं झाली तरी या माणसाने वजन वाचवायला तीच जागा तासली होती. कोणीतरी त्याला तिथे हात लावू नकोस म्हणून तीनदा सांगितलं होतं, आणि ते त्याने इतकं खोल पुरलं होतं की शेवटी स्वतःच विसरला.

त्याच संध्याकाळी तिने कंपनीला आणि एर्सिलियाला कळवायला हवं होतं. तिने कळवलं नाही. कारण चार दिवसांनी, शनिवारी, दालवित स्वतः फिनालेत येणार होता. सोफ्योनेचं अनावरण होतं, बारा पत्रकार वेगवेगळ्या देशांतून येणार होते, आणि कोळसेवाल्यांच्या वाटेच्या तोंडाशी, जुन्या किल्ल्याखालच्या मैदानात भाषण-जेवण असा बेत होता. पत्रकार सायकली चालवणार होते ते रविवारी. नीवेसने तेवढं मात्र नीट विचारून घेतलं. रविवार उजाडायच्या आत हे संपलं पाहिजे, दुसऱ्या कोणाचं हाड मोडता कामा नये, एवढं तिने ठरवलं. त्यापलीकडचं काही ठरवायचं तिने टाळलं. खरवडलेल्या जागी काळा रंग लावला, केबल परत ओवली आणि सायकल पुसून लख्ख केली.

शनिवारी काकाच्याच व्हॅनने सगळे वर गेले. दालवित आता साठीला आला होता. केस पांढरे, अंगाने सडपातळ, अजूनही रोज सायकल चालवणारा. नीवेसला बघून त्याने दोन्ही हात पसरले, गालाला गाल लावला आणि पत्रकारांकडे वळून म्हणाला की ही माझी जुनी चालक, इटलीत हिच्यासारखे हात नव्हते, फार वाईट झालं बिचारीचं. नीवेसने ते ऐकून घेतलं. भाषणात त्याने ॲल्युमिनियमचं कौतुक केलं, प्रत्येक ग्रॅम कसा विचार करून काढला ते सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कोणाला काही विचारायचं आहे का, असं त्याने हसून विचारलं.

नीवेसने सोफ्योने पुढे ढकलत आणली आणि सगळ्यांसमोर शांतपणे सांगितलं की सायकल उत्तम आहे. इतकी हलकी असून इतकं सोसणारी दुसरी मी चालवलेली नाही. फक्त बाराव्या दिवसापासून उतारावर ब्रेक दाबला की मानेतून एक आवाज येतो.

दालवितच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "केबल असेल," तो म्हणाला, आणि पत्रकारांकडे बघून डोळा मिचकावला. "ही पूर्वीपासूनच जरा जास्त ऐकते."

दोघं-तिघं हसले. नीवेसने सायकलचं हँडल त्याच्याकडे वळवलं.

"मग तू ऐक. पायरी उतर आणि परत ये."

बारा माणसं बघत होती, त्यातली निम्मी फोन वर धरून. नाही म्हणायला जागा नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्याला नाही म्हणायचंही नव्हतं; त्याचा आपल्या सायकलीवर विश्वास होता. कोणाचं तरी हेल्मेट घेऊन त्याने डोक्यावर चढवलं, पट्टा ओढला आणि निघाला.

काका व्हॅनच्या दाराशी उभा होता. तो जवळ आला. चार दिवसांपूर्वी दुकानातल्या बादलीत त्याने लाल डागांची फडकी पाहिली होती, तेव्हा विचारलं नव्हतं.

"पोरी," तो हळू आवाजात म्हणाला, "त्या सायकलीला काही झालंय का?"

नीवेस वाटेकडे बघत राहिली. वरून तिन्ही वळणं स्पष्ट दिसतात. पहिलं वळण दालवितने सुरेख घेतलं, बाहेरचा पाय खाली दाबून, या वयात असं कोणी घेत नाही. दुसऱ्याला वेग वाढला. पायरीवरून पुढचं चाक खाली पडताना सगळं वजन मानेवर येतं हे तिला माहीत होतं. तिला दगडांवरचा तो आवाजही आठवत होता, माणूस पडल्याचा. ओरडायला तीन सेकंद पुरेसे होते, आणि ते तीन सेकंद तिने जाऊ दिले. ओठ मिटलेले, उजव्या हाताने डावं मनगट धरलेलं.

तिसऱ्या वळणावर दालवितने ब्रेक दाबले आणि सायकल एकदम उभी केली. पायरी आणखी दहा हातांवर होती. तो खाली उतरला. पुढचा ब्रेक धरून त्याने सायकल मागे-पुढे हलवली, एकदा, दोनदा. हेल्मेट काढलं, वाकून मानेला कान लावला आणि परत हलवली. मग सरळ होऊन वर पाहिलं. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण तो कोणाकडे बघतोय हे सगळ्यांना कळलं.

सायकल ढकलत तो चढून आला. आठ-दहा मिनिटं लागली असतील. वर आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"तुला माहीत होतं," तो नीवेसला म्हणाला.

"तुलाही माहीत होतं. चौदा वर्षांपासून."

तिने पिशवीतून बाटल्या काढल्या. सगळ्यांसमोर रंग खरवडला, शाई मारली. शाई मुरायला वीस मिनिटं लागतात, आणि त्या वीस मिनिटांत तिने पत्रकारांना ती तीन पत्रं सांगितली. प्रत नव्हती, पण शब्द न् शब्द पाठ होता. कोणत्या तारखेला कुठल्या वाटेवर कितव्या फेरीला आवाज आला, ते सगळं. आवाज न चढवता, सायकलीचं वर्णन करावं तसं बोलत होती. दालवित व्हॅनच्या पायरीवर बसला. भुकटी मारल्यावर रेष उमटली, आता ती दोन तांदळांएवढी झाली होती. म्हणजे त्या तीन वळणांत वाढली होती.

ऑस्ट्रियाहून आलेल्या एका बाईने दालवितला सरळ विचारलं, की ही पत्रं तुम्हाला मिळाली होती का? तो त्या पांढऱ्यावरच्या लाल रेषेकडे बघत होता. आणखी दहा हात गेलो असतो तर काय झालं असतं, हे तिथल्या कोणापेक्षाही त्याला नीट कळत होतं.

"लिहिलं होतं तिने," तो म्हणाला. "तीनदा."

"आणि सरावात ती पडली होती, हे?"

"नव्हती पडली."

नीवेसने बाटल्यांची झाकणं लावली. काही माणसं तिच्या खांद्यावर हात ठेवायला आली, तिने बाजूला होऊन सामान भरलं. तिला रडू आलं नाही. वडिलांच्या कबरीवर जावंसं वाटलं, पण तेही तिने त्या दिवशी केलं नाही. ती उतारावरून स्वतःच्या जुन्या सायकलीने घरी गेली, भरपूर जेवली आणि सकाळी उशिरापर्यंत झोपली.

रविवारी सायकली कोणी चालवल्या नाहीत. अनावरणाआधीच आगाऊ नोंदणीवर विकल्या गेलेल्या तीनशे चाळीस सोफ्योने कंपनीने महिन्याभरात परत मागवल्या. चौकटी तपासल्यावर आणखी एकवीसमध्ये ती रेष सापडली. नीवेसचा लेख जूनच्या अंकात आला. एर्सिलियाला वाटलं होतं की ती जाळ काढेल, पण तिने चढणीबद्दल, उताराबद्दल, गप्प मोटरबद्दल जे खरं होतं ते सगळं लिहिलं. आपण एका वळणावर हसलो हेसुद्धा लिहिलं. आणि मग लिहिलं की ही सायकल माणूस मारू शकते, आणि ती बनवणाऱ्याला हे आधी सांगितलेलं होतं. एर्सिलियाच्या वकिलाला ते शेवटचं अर्धं वाक्य काढायचं होतं. नीवेस म्हणाली, काढा, आणि वर माझं नावही काढा. वाक्य राहिलं. शर्यतीच्या समितीकडून दोन ओळींचं पत्र आलं, की जुना निष्कर्ष रद्द समजावा. माफी वगैरे काही नव्हती. ते पत्र तिने कबरीवर नेलं, वाचून दाखवलं नाही, नुसतं घेऊन गेली आणि परत आणलं.

काका मात्र नऊ दिवस दुकानात फिरकला नाही. व्हॅन पलीकडच्या चौकात लावायचा. दहाव्या दिवशी फारिनाता घेऊन आला, नेहमीसारखा समोर उभा राहिला आणि तिचं खाऊन होईपर्यंत थांबला.

"तो थांबला नसता, तर तू हाक मारली असतीस?"

नीवेसने बोटं पुसली. खोटं बोलणं सोपं होतं आणि काकाला तेच ऐकायचं होतं, हेही तिला दिसत होतं.

"नाही," ती म्हणाली.

काकाने मान हलवली. "मी मारणार होतो. तोंड उघडलंच होतं." मग कागद चुरगाळून त्याने टोपलीत टाकला. "उद्या ट्रॉलीचा डावा दिवा बघ जरा. लागत नाही."

दुसऱ्या वर्षी मान जाड केलेली सोफ्योने आली. नीवेसने ती घेतली नाही, मासिकाने एका तरुण मुलाला दिली. त्याने पानभर स्तुती लिहिली. नीवेसने लेख तीनदा वाचला, चुकीचं काही सापडलं नाही, आणि दिवसभर ती गिऱ्हाइकांवर खेकसत होती.

त्या ऑक्टोबरमध्ये दालवित एकटाच दुकानात आला. कंपनीतून तो बाहेर पडला होता की त्याला काढलं होतं, कोण जाणे. नीवेसने विचारलं नाही. ती चाक कोपराखाली धरून तारा कसत होती, ते काम तिने थांबवलं नाही. तो उभ्या-उभ्याच म्हणाला की समितीपुढे मी जे लेखी दिलं ते मला तेव्हाही खोटं माहीत होतं, कारखाना वाचवायचा होता. तिच्या वडिलांबद्दल त्याला कोणीतरी सांगितलं होतं. त्यावरही तो काही बोलू बघत होता, पण नीवेसने मान वर केली तशी त्याने ते वाक्य सोडून दिलं.

"मी काय केलं तर पुरेल?" त्याने विचारलं.

नीवेसने खरोखर विचार केला. चाक फिरवलं, कुठे लागतंय का बघितलं, आणखी एक तार अर्धा आटा ओढली.

"पुरणार नाही," ती म्हणाली. "ट्रेंटोहून इथे यायला किती तास लागले?"

"पाच."

"मग दर वर्षी येत जा. इथे उभा राहा, आणि आता जे सांगितलंस तेच परत सांग."

तो हो म्हणाला आणि गेला. ती थट्टा करत होती की काय, हे त्याला कळलं नसावं. पुढच्या ऑक्टोबरला तो आला.